जाग्या असलेल्यांची यादी

माझ्याकडे एकतीस माणसं आहेत.
इलोइलोत, बंद पडलेल्या बुटांच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर, पडदे ओढून मी त्यांना जगवते.
एक बोटीवरचा स्वयंपाकी, एक दुबईहून परतलेली नर्स,
एक नुसताच चिडलेला ट्रायसिकलवाला,
आणि टीचर पुरिता.
निवृत्त. गुडघे दुखतात. मागेपुढे कोणी नाही.
तिचा चेहरा यंत्राने केला; एका कानातला डूल नीट आला,
दुसरा केसांत विरघळला.
आजवर कुणी विचारलेलं नाही.

पुरिता माझी लाडकी.
आठ महिने तिला मी राजकारण बोलू दिलं नाही.
ती फक्त रांधायची:
तुरीचे ओले दाणे, डुकराचं मांस, कोवळा फणस,
आंबटाला बातवानचं फळ. चिंच नको गं, चव मरते.
बायका विचारायच्या, बातवान मिळालं नाही तर?
ती प्रत्येकीला उत्तर द्यायची. म्हणजे मी द्यायचे.
अकरा हजार बायका झाल्या
तेव्हा रेनान सर म्हणाले, आता मीठ घाल.

मीठ म्हणजे एवढंच:
एका दुपारी भात उतरवता उतरवता पुरिताने लिहिलं,
त्या बाई निवडून आल्या तर म्हणे
नदीपलीकडच्या वस्तीचं पाणी तोडणार.
'म्हणे' आम्हाला शिकवलेलं आहे.
आमच्याकडे त्याला 'कुनो' म्हणतात.
'म्हणे'ला बाप नसतो.
'म्हणे'वर खटला चालत नाही.

रविवारी आईने तुरीत फणस घातला.
चिंच नव्हती.
"टीचर पुरिता सांगते, चव मरते."
ताट पुढे सरकवत म्हणाली,
"आणि त्या बाईला मत देऊ नकोस. पाणी तोडणार आहे."
कोण म्हणतं?
"शिकलेली बाई आहे. उगाच कशाला बोलेल?"
आपलेच दात, आपलेच ओठ.
मी पुन्हा भात घेतला. भाजी खरंच चांगली झाली होती.

मग मनिलाहून तक्ता आला.
चाळीस हजार ओळी, नावं पुसलेली.
नावं लागतच नाहीत.
कोण कुठल्या फोटोवर किती सेकंद अडखळलं,
कुणी काय लिहून खोडलं,
पुराची बातमी वाचून कुणी कुणाला फोन लावला.
शेवटच्या रकान्यात एकच शब्द:
राग, नाहीतर एकटेपणा, नाहीतर भीती.
मी खाली खाली जात होते.
मोलो. स्त्री. अठ्ठावन्न. विधवा.
शिलाई मशीनच्या सुया शोधते,
मोतीबिंदूचा खर्च शोधते,
रात्री एक ते तीन जागी.
भीती.
योग्य वेळ: दोन वाजून दहा मिनिटं.

मोतीबिंदूचं ती मला बोलली नव्हती.

ती जागी असते, हे त्यांना कळलं.
का असते, असा रकाना नव्हता.
माझी पाळी अडीचला सुटते.

त्या रात्री दोन दहाला ठरलेलं टाकायचं होतं:
कोरडा नळ, रडणारं पोर, एक 'म्हणे'.
टाकलं.
हे मी लपवत नाही. टाकलं.
मग बाजूच्या खिडकीत, पुरिताच्या नावाने, एकीलाच लिहिलं,
ताई, झोपा आता. डोळ्यांना त्रास होईल.
तीन ठिपके हलले, थांबले, पुन्हा हलले.
आई एका बोटाने लिहिते.
"मुलगी यायची आहे कामावरून.
कॉल सेंटरात आहे. इंग्रजी फार छान बोलते."
मी एक हसरं तोंड पाठवलं.
दुसरं काही सुचलं नाही,
आणि पलीकडच्या टेबलावर स्वयंपाकी कुणाला तरी शिव्या देत होता.

घरी पोचले तर दिवा चालू,
फोन मांडीवर पालथा.
कुणाशी बोलत होतीस एवढ्या रात्री?
"आहे एक," आई म्हणाली, चपला आत घेत,
"तिलाही बिचारीला झोप नाही."